तोळाभर टोक

अमेरिकेतल्या तिरंदाजीच्या दुकानात १९१६ चे बाण मिळतात, २०१६ चे मिळतात आणि २२१९ चेही मिळतात. नवख्या गिऱ्हाइकाला वाटतं, पहिले जुन्या बाजारातून आले असणार, दुसरे पडून राहिलेला माल असणार. तिसऱ्यांबद्दल विचारावं की नाही, या विचारात तो पडतो. तेवढ्यात शेजारचा माणूस काउंटरवर झुकून म्हणतो, "मला २२१९ जरा जास्तच ताठ पडतात," आणि गिऱ्हाईक हळूच गळ-मासळीच्या विभागाकडे सरकतं.

ते साल नसतं, अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचं माप असतं. पहिले दोन आकडे बाहेरच्या व्यासाचे. इंचाचे ६४ भाग करायचे आणि त्यातले किती ते सांगायचं. पुढचे दोन आकडे पत्र्याची जाडी सांगतात, इंचाच्या हजाराव्या भागांत. म्हणजे २०१६ हा बाण २०/६४ इंच जाड आणि त्याचा पत्रा ०.०१६ इंचाचा. एवढं कळल्याने कुणी तिरंदाज होत नाही, पण तिरंदाजांच्या घोळक्यात मान डोलवायला मोकळा होतो. निम्मे जण तेवढंच करत असतात.

खऱ्या १९१६ साली असा बाण कुठेच नव्हता. डग ईस्टन नावाच्या कॅलिफोर्नियातल्या माणसाने १९२२ पासून लाकडी बाण करायला घेतले. पण लाकूड ते लाकूडच; एकाच फळीतून काढलेल्या दोन काठ्याही सारख्या वागत नाहीत. अखेर १९३९ मध्ये त्याने अ‍ॅल्युमिनियमचे बाण काढले. १९४१ मध्ये लॅरी ह्यूज हा गडी ते बाण मारून अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला, आणि मग महायुद्धाने देशातलं अ‍ॅल्युमिनियम विमानांकडे वळवलं. युद्धानंतर बाण परतले ते कायमचे.

आज हे बाण 'पारंपरिक' समजले जातात. कारण १९६९ मध्ये मिसुरीच्या हॉलिस विल्बर अ‍ॅलन याला चाकं आणि केबल लावलेल्या कंपाउंड धनुष्याचं पेटंट मिळालं. पुढे सगळं जग चाकांवर गेलं आणि ज्यांनी चाकं नाकारली ते आपोआप परंपरावादी ठरले. वास्तविक त्यांच्या बिनचाकी रिकर्व्ह धनुष्यात मेपलच्या पट्ट्यांना फायबरग्लास चिकटवलेलं असतं, दोरी पॉलिएस्टरची असते आणि बाण विमानाच्या जातीच्या मिश्रधातूचा. आजोबांच्या काळचं म्हणावं असं त्यात एक टर्कीचं पीस. ईस्टनने तर लाकडाच्या रेषा छापलेला अ‍ॅल्युमिनियमचा बाणही बाजारात आणला. दुरून देवदाराचा वाटतो. तो भात्यात ठेवून माणूस निसर्गाच्या जवळही राहतो आणि बाण सरळ जाण्याची हमीही सोडत नाही.

मी मिशिगनमध्ये राहतो, आणि इकडे ही जमात मुबलक आहे. "आम्ही साधी माणसं. एक काठी, एक दोरी, बस्स," असं हे लोक सांगतात. ऐकायला फार बरं वाटतं. मग काठी-दोरीवाला गाडीची डिकी उघडतो. आत ग्रेन या बारीक वजनात तोलायचा डिजिटल काटा, बाणाची लवचीकता मोजायचं यंत्र, दोरीवर चढवायची पितळी पट्टी, व्हर्निअर, नळी कापायचं कटर, गरम करून लावायच्या डिंकाच्या कांड्या, तऱ्हेतऱ्हेच्या वजनांची टोकं डबीडबीत. शेजारी उभ्या असलेल्या कंपाउंडवाल्याकडे मात्र एक धनुष्य आणि पाण्याची बाटली. चाकंवाला मारून घरी जातो. साधेपणा पत्करलेला अजून वजनं करत असतो.

या वजनांचं मूळ एका खुळात आहे. खूळ असं की बाण पुढून जड हवा. कल्पना खोटी नाही. बॅडमिंटनचं फूल कसंही मारलं तरी बूच पुढे करूनच जातं, बाणाचं तसंच. वजन टोकाशी आणि पिसं शेपटाशी असली की बाण हवेत लवकर सावरतो, वाऱ्याने कमी भरकटतो. किती पुढजड, हे काढायची रीतही सोपी. बाण बोटावर आडवा तोलायचा, तोल सांभाळतो ती जागा शेपटाच्या खाचेपासून मोजायची, त्यातून निम्मी लांबी वजा करायची, उरेल त्याचे बाणाच्या लांबीशी टक्के काढायचे. २९ इंची २०१६ ला १२५ ग्रेनचं नेहमीचं टोक लावलं तर उत्तर १४ टक्क्यांच्या आसपास येतं. शंभर वेळा मारा, शंभर वेळा जाईल. समंजस माणूस इथे थांबतो.

पण एड अ‍ॅशबी या डॉक्टर-शिकाऱ्याने बाण हाडामांसात किती शिरतो यावर वर्षानुवर्षं प्रयोग केले, आफ्रिकेत थोराड जनावरांवर केले, आणि त्यातून प्रतवारी निघाली: १९ टक्क्यांच्या वर 'एक्स्ट्रीम', ३० च्या वर 'अल्ट्रा'. एकदा प्रतवारी निघाली की खालच्या इयत्तेत कोण बसणार? आता आमच्या क्लबात ज्या जनावरावर बाण मारतात ते फोमचं असतं. फोमचं हरीण, फोमचा रानडुक्कर, एक फोमचं अस्वल, त्याचा कान कुणीतरी पूर्वीच नेलेला. यांपैकी कुणालाही हाडं नाहीत. उलट पुढजड बाण फोममध्ये असा रुततो की तो उपसायला एकाने हरणाला मिठी मारायची आणि दुसऱ्याने पाय रोवून ओढायचं, असा प्रकार होतो. नेम चुकला तर तो गवताखाली शिरतो आणि मग मेटल डिटेक्टर घेऊन फिरावं लागतं. हे डिटेक्टर बऱ्याच जणांच्या डिकीत असतात. साधेपणाच्या यादीत ते सांगायचं राहतं.

तरीही टोक जड करायचंच, असं ठरलं की खरी गोष्ट सुरू होते. धनुष्याची मूठ बाणाच्या वाटेत येते. बाण सरळ सुटला तर मुठीला घासून बाजूला जाणार. तो तसा जात नाही, कारण तो सरळ सुटतच नाही. बोटांवरून निसटताना दोरी किंचित आडवी सरकते, मागून ढकलते, पुढचं टोक जागचं हलायला तयार नसतं, आणि मधली नळी बिचारी वाकते. एकदा इकडे, एकदा तिकडे, अशी वळवळत ती मुठीला वळसा घालून जाते. डोळ्यांना यातलं काही दिसत नाही. १९३० च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या बेल लॅबच्या पदार्थविज्ञानवाल्याने अतिवेगवान कॅमेऱ्याने ते टिपलं. हा गृहस्थ स्वयंचलित पियानोंवर काम केलेला, पुढे युद्धात रॉकेटंही बनवली. मधल्या काळात धनुष्याकडे वळला, म्हणून आम्हाला कळलं की बाण सापासारखा जातो. न कळता मारत होते त्यांचेही बाण लागतच होते, हे इथे सांगून ठेवतो.

तर नळी जितकी वाकायला हवी तितकीच वाकायला हवी. कमी वाकली तर बाण ताठ. उजव्या हाताने मारणाऱ्याचा डावीकडे जातो. जास्त वाकली तर मऊ, उजवीकडे जातो. आणि टोकाचं वजन वाढवलं की नळी जास्त वाकते. डोकं जड झालं की अंग लुळं पडतं. मग इलाज काय? नळी कापून आखूड करा, ती ताठ होते. पण फार कापली तर ओढताना टोक मुठीच्या मागे बोटावर येतं. म्हणून जाड नळी घ्या. २०१६ च्या जागी २११७ घ्या. इथेच अ‍ॅल्युमिनियम आपला हिसका दाखवतं. जाड नळी ताठ असते, पण जडही असते. २९ इंचांमागे चाळीसेक ग्रेन वाढतात आणि ते सगळे मध्यावर. २०१६ ला पुढे ३३० ग्रेन लादून जे सुमारे २४ टक्के मिळवले होते, ते २११७ वर तेवढ्याच वजनात २२ वर घसरतात. मग टोकात आणखी घाला. मग नळी पुन्हा मऊ. मग आणखी जाड नळी. अशाने बाण ७०० ग्रेनपर्यंत चढतो आणि ४५ पौंडी धनुष्य त्याला फेकताना कण्हू लागतं. कार्बनच्या हलक्या नळ्यांवाले बाजूला उभे राहून हसत असतात. त्यांना दुप्पट पैसे पडलेले असतात, म्हणून तेही फार मोठ्याने हसत नाहीत.

या फेऱ्यातला आमच्या भागातला महामहोपाध्याय म्हणजे माझा शेजारी. निवृत्त टूल-अँड-डाय कारागीर. सारी हयात डेट्रॉइटच्या मोटारींसाठी साचे घडवण्यात गेली, त्यामुळे इंचाचा हजारावा भाग ही त्याला ढोबळ गोष्ट वाटते. त्याच्या गराजमध्ये मोटार कधी गेलेली मी पाहिली नाही. एकेका भिंतीवर नळ्या लावलेल्या, आकड्यांप्रमाणे, १७१६ पासून चढत्या क्रमाने. मधे जुने नारिंगी ईस्टन, ज्यांना तो कुणाला हात लावू देत नाही. बोलणं थोडकं. कुणी त्याला विचारलं की बाण उजवीकडे का जातोय, तर तो म्हणतो, "ते अवलंबून आहे," आणि कॉफी प्यायला आत जातो. कॉफी संपवून येतो तोवर विचारणाऱ्याने स्वतःच तीन गोष्टी बदललेल्या असतात आणि आता बाण डावीकडे जात असतो.

अशात उन्हाळ्यात माझे सासरे आले. अण्णा मूळचे कोल्हापूरचे, गुजरीतल्या सराफी पेढीवर आयुष्य गेलेलं. अमेरिकेत आलेल्या सासू-सासऱ्यांचं काय होतं ते या देशातल्या कुठल्याही मराठी घराला ठाऊक आहे. पहिला आठवडा रस्ते किती स्वच्छ यात जातो, दुसरा माणसं कुठे आहेत यात. तिसऱ्या आठवड्यापासून मागच्या डेकवर खुर्ची टाकून परतीच्या तारखेकडे बघणं. सासूबाईंना नातवंड होतं. अण्णांना काही नव्हतं. नायगारा दाखवून झाला होता. "पाणी बरंच आहे" असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं होतं.

एका संध्याकाळी मी डेकवरच्या टेबलावर टोकं वजन करत बसलो होतो. १७५ ग्रेनची, पोलादी, स्क्रूवाली, नवी कोरी. अण्णा मागून येऊन उभे राहिले. चष्मा कपाळावरून नाकावर आला.

"काय ओ जावईबापू, हे ग्रेन म्हणजे आपलेच ग्रेन काय?"

"आपले म्हणजे?"

"तोळ्याचे. एक तोळा म्हणजे १८० ग्रेन. चांदीचा रुपया बरोबर १८० ग्रेनचा असायचा. आमच्या वडलांच्या पेढीवर रुपयाच वजन म्हणून पारड्यात पडायचा." त्यांनी एक टोक उचलून तळहातावर नाचवलं. "हे तोळ्याला कमी आहे. अकरा मासे, पाच गुंजा आणि वर चिमूटभर. हल्लीच्या पोरांना १० ग्रॅमला तोळा म्हणायची सवय लागली, त्यांना हे सांगून उपयोग नाही."

मी हिशेब केला. तोळ्याचे बारा मासे, माशाच्या आठ गुंजा, तोळ्याच्या ९६. म्हणजे गुंज पावणेदोन ग्रेनांहून थोडी जास्त. १७५ ग्रेनच्या ९३ गुंजा आणि वर तिसरा हिस्सा. अण्णा तळहातावरून बरोबर होते. ग्रेन हे मूळचं जवाच्या दाण्याचं वजन आणि गुंज ही गुंजेच्या बीची. एवढं विज्ञान पुढे गेलं, पण सोनं आणि बाण अजून शेतातच मोजतात.

मग काट्यावर ठेवलेला आकडा त्यांनी पाहिला. १७३.८. दुसरं टोक १७६.१. तिसरं १७४.९. अण्णांचा चेहरा बदलला. पेढीवर एखादा खोटा दागिना मोडायला आला तर असा होत असणार.

"वर छाप कितीचा आहे?"

"१७५."

"आणि भरतं हे?" ते खुर्ची ओढून बसले. "असं कसं ओ? हे गुजरीत केलं असतं तर संध्याकाळपर्यंत शटर पडलं असतं."

दुसऱ्या दिवशी अण्णा शेजाऱ्याच्या गराजमध्ये होते. तो एका दमात तीन शब्दांहून जास्त बोलत नाही, आणि अण्णांच्या इंग्रजीतही तेवढेच शब्द असल्याने संभाषण समतोल चाललं. अण्णा त्याला 'साहेब' म्हणत, तो त्यांना 'मिस्टर अण्णा'. त्याने कारखान्याचा छाप असलेली बारा टोकं मांडली. अण्णांनी ती वजनाप्रमाणे लावली, सर्वांत हलकं टोक बाजूला काढलं आणि बाकीची त्याच्या वजनाला आणायची, असं खुणेने ठरवलं. शेजाऱ्याने कानस घेतली. तो टोकाच्या बुडाशी पहिला घास घेणार एवढ्यात अण्णा "थांबा थांबा" म्हणत उठले आणि त्यांनी कानशीखाली वर्तमानपत्र पसरलं. सोन्याच्या कामात कीस सांडू देत नाहीत. पोलादाचा कीस आहे हे त्यांना दिसत होतं, पण हातांना ते कोण सांगणार? काम संपल्यावर त्यांनी कागदाच्या घडीवर बोट आपटून सगळा चुरा मधोमध आणला, त्याची पुडी बांधली, काट्यावर ठेवली आणि जितकी घट झाली तितका चुरा पुडीत आहे याची खात्री करून घेतली. शेजाऱ्याने ती पुडी ड्रॉवरमध्ये ठेवली. अजून आहे. फेकायची तर दोघांच्या सहीने, असा काहीतरी करार असावा.

त्यानंतर जे सुरू झालं त्यात मी नावापुरता होतो. अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत ज्यात टोक आवळायचं तो इन्सर्ट बसवायला गरम डिंक लागतो. डिंकाची कांडी ज्योतीवर धरायची, वितळेल तशी इन्सर्टवर फिरवायची, आणि थंड व्हायच्या आत तो नळीत दाबून गोल फिरवायचा. नळी फार तापवायची नाही. धातूची ताकद जाते. अण्णा सराफ असले तरी कारागिरांच्या मांडीला मांडी लावून बसलेले. ज्योत डोळ्यांनी तोलून त्यांनी शेजाऱ्याला ती बारीक करायला लावली. फुंकणी नाही म्हणून चुटपुट व्यक्त केली. बाहेर आलेला डिंकाचा दोरा त्यांनी नखाने अखंड काढला आणि तोही वजन केला. दीड ग्रेन. "हा आत राहिला असता तर एका बाणाला राहिला असता, दुसऱ्याला नाही," ते म्हणाले. शेजाऱ्याने यावर जी मान हलवली ती मला कधी मिळालेली नाही.

पिसांचंही तेच. टर्कीच्या डाव्या पंखाची पिसं एका बाजूला वळतात, उजव्या पंखाची दुसऱ्या. एका बाणावर दोन्ही लावली तर बाण स्वतःशीच भांडत जातो. तीन पिसं मिळून आठ-नऊ ग्रेन. पावसात चपटी झालेली पिसं चहाच्या किटलीच्या वाफेवर धरली की पुन्हा उभी राहतात, हे अण्णांना इतकं आवडलं की चांगली पिसंही वाफेवर धरून झाली. सासूबाईंचा चहा त्या दिवशी उशिरा झाला आणि त्याला टर्कीचा वास होता, असं त्यांचं म्हणणं. मला जाणवला नाही. मी काही बोललोही नाही.

बाण तयार झाले, आता ते जुळवायचे. यासाठी बिनपिसाचा बाण मारतात. तीन पिसांचे आणि एक बोडका, वीस यार्डांवरून. पिसं चुका झाकतात, बोडका सगळं ओकून टाकतो. आता पिसं नाहीत म्हणजे शेपटाचं वजन कमी, म्हणजे तोल आणखी पुढे सरकला, म्हणजे परीक्षाच चुकीची. म्हणून काही काटेकोर मंडळी पिसांच्या वजनाएवढी चिकटपट्टी मागे गुंडाळतात. अण्णांनी ती साडेचार गुंजा भरवून दिली.

बोडका उजवीकडे गेला. मऊ.

आमच्याभोवती एव्हाना क्लबातले चारजण जमले होते. एक म्हणाला, टोक २५ ग्रेननी हलकं कर. दुसरा म्हणाला, नळी पाव इंच काप. तिसरा म्हणाला, दोरीला आणखी पीळ घाल. पीळ घातला की दोरी आखूड होते, मुठीपासून दूर जाते, मग बघ. जुन्या लोकांत हे अंतर मूठ आणि उभा अंगठा एवढं ठेवायची पद्धत होती, हे त्याने मूठ आणि अंगठा दाखवून पटवलं. अंगठा माझ्याहून बराच लांब होता. चौथा म्हणाला, तुझं सोडणं चुकतंय. त्याच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. या छंदात दोष नळीत, दोरीत, टोकात, वाऱ्यात कुठेही निघू शकतो. माणसात निघाला तर करायचं काय, त्याला तर काट्यावर ठेवता येत नाही.

शेजाऱ्याने कटर आणलं. अण्णांनी हरकत घेतली. वजन केलेल्या मालाला कात्री लावायची म्हणजे सगळं वजन पुन्हा. पुन्हा केलं. पाव इंच नळी दोन ग्रेनांहून थोडी जास्त निघाली. ती चकती अण्णांच्या खिशात गेली. बोडका जरा आत आला. आणखी पाव इंच. आणखी आत. मग दोरीला पीळ. शेवटी बोडका आणि पिसांचे तीन बाण एकाच मुठीत बसतील इतके जवळ लागले आणि सगळ्यांनी एक क्षण आपापल्या सल्ल्याला श्रेय दिलं. चौथ्यानेही.

त्या गप्पांत अण्णांनी शेजाऱ्याला आमच्या साताऱ्याच्या अदिती स्वामीबद्दल सांगितलं. सतरा वर्षांची पोरगी, २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक विजेती. त्याच स्पर्धेत नागपूरचा ओजस देवतळे पुरुषांत पहिला. शेजाऱ्याचे डोळे चमकले. टोक किती ग्रेनचं वापरते? धनुष्य कोणतं? "कंपाउंड," मी मधे बोललो. त्याचा चेहरा पडला. तो बराच वेळ विचार करून म्हणाला, "लहान आहे. सुधारेल." अण्णांना हे भाषांतर करून सांगितलं नाही. मग मी त्याला टोकियो ऑलिंपिकमधल्या रिकर्व्हवाल्या प्रवीण जाधवची गोष्ट सांगितली, फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा, आणि मामला निभावला. भारतात बांबूच्या धनुष्यांची 'इंडियन राउंड' नावाची वेगळी स्पर्धा असते, बाणही बांबूचे, हे ऐकून तर त्याने खुर्ची जवळ ओढली. मग विचारलं, बांबूचा ताठपणा कसा मोजतात? अण्णांनी हाताने काडी वाकवून, डोळा बारीक करून दाखवलं. शेजारी म्हणाला, अचूक.

जूनमध्ये मिशिगनच्या बेरियन स्प्रिंग्जला पारंपरिक तिरंदाजांचा मोठा मेळावा भरतो. तंबू, फोमची जनावरं, धनुष्यं घडवणारे कारागीर, आणि टेबलंच्या टेबलं भरून जुने बाण. शेजारी अण्णांना घेऊन गेला. मी बरोबर होतो, पण मला कुणी काही विचारलं नाही. अण्णा टेबलावरचा जुना नारिंगी बाण उचलायचे, टोक तळहाताच्या खळग्यात टेकवून वर गर्रकन फिरवायचे, कान जवळ न्यायचे. सरळ असला की तळहातावर गुळगुळीत फिरतो, वाकलेला असला की थरथरतो. चांदीचा रुपया वाजवून घेतलेला कान तो. "हा नको," "हा नको," "हा बंदा आहे." विकणारा दाढीवाला म्हातारा आधी चिडला, मग गप्प झाला, मग त्याने स्वतःच्या ठेवणीतला एक गठ्ठा तपासायला पुढे केला. त्यातले पाच नापास झाले. त्याने ते मुकाट्याने स्वस्तातल्या डब्यात टाकले.

परत आल्यावर अडचण अशी उभी राहिली की आमचे बारा बाण झाले होते. अर्ध्या ग्रेनच्या आत सगळे. तोल एकाच जागी, पिसं एकाच पंखाची, बोडका आणि पिसाचा एकाच भोकात. आणि ते मारायला कुणी तयार नव्हतं. अ‍ॅल्युमिनियमचा बाण झाडाला लागला की वाकतो. एक बाण दुसऱ्याच्या शेपटात लागला तर दोन्ही जातात, आणि हे बाण इतके जवळ लागत होते की ते कधीही होऊ शकलं असतं. मी दोनदा भाता उचलला; दोन्ही वेळा शेजाऱ्याने "आज वारा आहे" म्हणून तो खाली ठेवायला लावला. वारा नव्हता. शेवटी त्याने भिंतीवर एक फळी ठोकली आणि बाराही बाण तिच्यावर रांगेने लावले. मी फोमच्या हरणावर जुनेच, १२५ ग्रेनवाले मारतो. ते लागतात.

आता सगळं जमल्यावर शेजाऱ्याने चार दिवस घरात काढले. दाढी केली नाही, गराजचं दार उघडलं नाही. त्याची बायको माझ्या बायकोला म्हणाली की तो टीव्ही बघतो आहे, आणि हे तिने आजाराचं लक्षण म्हणून सांगितलं. अण्णाही डेकवर येऊन बसले, समोर कॅलेंडर. पाचव्या दिवशी सकाळी तो कुंपणापाशी आला. हातात खोका होता, त्यात २५० ग्रेनची टोकं, आणि बगलेत २२१९ च्या नळ्या.

अण्णांनी चष्मा पुसला. एक टोक हातात घेऊन तोललं. "सव्वा तोळ्याच्या वर आहे," ते म्हणाले. "तोळा, चार मासे, पाच गुंजा. छाप खरा असेल तर." मग माझ्याकडे वळून, सासूबाईंना ऐकू जाणार नाही अशा बेताने, विचारलं, "काय ओ जावईबापू, ते विमानाचं तिकीट पुढं ढकलायला किती घेतात?"